थंडीत सकाळी अडणारी घरची जुनी गाडी : बिघाड नेमका कुठे आहे ते कसे शोधावे

निफाडला पारा पाच अंशांच्या खाली गेला किंवा नागपूर-गोंदियाकडे आठाच्या आत आला, की दहा-बारा वर्षांच्या गाड्या पहाटे रुसायला लागतात. सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) जड फिरतो, इंजिन दोनदा खोकते आणि गप्प बसते. मुलांची शाळा, कुणाची सातची ट्रेन, आजोबांची तपासणीची वेळ, सगळे अडून राहते. मग शेजारचा सांगतो बॅटरी बदला, मेकॅनिक सांगतो सेल्फ बदला, आणि दोन्ही बदलून झाल्यावरही पुढच्या थंडीच्या लाटेत गाडी पुन्हा अडते.

महाराष्ट्रातली थंडी धडधाकट गाडीला अडवण्याइतकी कडक नसते. लडाखमध्ये गाडी अडली तर थंडीला दोष देता येतो. सिन्नर किंवा अमरावतीत अडली तर बिघाड आधीपासून होता असेच समजावे. विदर्भ-खानदेशातल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात बॅटरी आतून झिजते, पावसाळ्यात अर्थिंगच्या (बॅटरीची ऋण बाजू बॉडी-इंजिनाला जोडणाऱ्या तारेच्या) जोडांना काट चढतो, आणि उन्हात इंजिन लवकर सुरू होत असल्यामुळे डिझेल गाडीतले, सिलिंडर तापवणारे हीटर प्लग अर्धे जळालेले असले तरी वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. डिसेंबरात इंजिनातले ऑइल घट्ट होते, सेल्फला जास्त जोर लावावा लागतो आणि नेमक्या त्याच वेळी बॅटरीची ताकद घटते. झाकलेले सगळे तेव्हा उघडे पडते. म्हणून अंदाजाने सुटे भाग बदलत बसू नका. क्रमाने तपासा.

हत्यारे फार लागत नाहीत. डिजिटल मल्टीमीटर, १० नंबरचा पाना, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, वायर ब्रश, खाण्याचा सोडा आणि पेट्रोलियम जेली. त्यात गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा, ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी स्कॅनर घेतला तर पेट्रोल गाडीतला निम्मा अंदाजपंचे कारभार थांबतो.

आधी नीट ऐका

किल्ली फिरवल्यावर काय होते त्यावरून वाट ठरते.

एकच ‘ठक’ आवाज येऊन शांतता पसरली, तर डॅशबोर्डच्या दिव्यांकडे पाहा. दिवे मंद झाले तर बॅटरी किंवा तिचे जोड. दिवे लख्ख राहिले तर दोष सेल्फमध्ये, त्याच्या सोलेनॉइडमध्ये (सेल्फला करंट जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) किंवा सेल्फकडे जाणाऱ्या तारेत.

‘खटखटखट’ असा सलग आवाज म्हणजे बहुतेक वेळा उतरलेली बॅटरी. सोलेनॉइड ओढला जातो, व्होल्टेज कोसळते, तो सुटतो, पुन्हा ओढला जातो.

सेल्फ जड, रखडत फिरतो : बॅटरी, अर्थिंग किंवा झिजलेले कार्बन ब्रश. फार घट्ट ग्रेडचे ऑइलही या यादीत येते. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलेले असताना गॅरेजमध्ये २०डब्ल्यू-४० ओतले असेल, तर फरक पहाटेच्या पहिल्याच सेल्फला कळतो.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही : आता बॅटरीचा नाद सोडा. प्रश्न इंधनाचा, स्पार्कचा किंवा हीटर प्लगचा आहे.

एक पथ्य पाळा. सलग पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि दोन प्रयत्नांत निदान अर्धा मिनिट जाऊ द्या. त्या वेळात बॅटरी थोडी सावरते आणि सेल्फची वाइंडिंग जळण्यापासून वाचते.

बॅटरी : तीन आकडे

पहिला आकडा निवांत व्होल्टेजचा. गाडी रात्रभर उभी असावी. दार उघडल्यावर लागणारा आतला दिवा विझू द्या आणि मग मीटर लावा. १२.६ किंवा त्याहून वर म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. बंद करून पाचच मिनिटे झालेल्या गाडीचे व्होल्टेज मोजू नका. तो आकडा फुगलेला असतो.

दुसरा आकडा सेल्फ मारतानाचा. मीटर लावलेला ठेवून दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. आकडा १० च्या वर राहिला तर बॅटरी ठीक. पूर्ण चार्ज असूनही तो ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरीचे आयुष्य संपत आले आहे. इथे एक फसवणूक होते. आकडा १२ च्या आसपास टिकून राहतो आणि तरी सेल्फ फिरत नाही, तर बॅटरी निर्दोष आहे, तिच्यातून करंट पुढे जातच नाही. अशा वेळी नवी बॅटरी घेणे म्हणजे पैसे पाण्यात.

तिसरा आकडा इंजिन सुरू झाल्यावरचा. १३.८ ते १४.५ हवा. हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावूनही तो १३.५ च्या आसपास टिकला पाहिजे. १३ च्या खाली असेल तर अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बेल्ट, ब्रश आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर पाहा. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो बॅटरी उकळवतो आहे. जुन्या गाड्यांत रेग्युलेटर अल्टरनेटरच्या पोटातच असतो. काही नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो आणि आकडा मुद्दाम खाली-वर होतो. तिथे एका आकड्यावरून निकाल देऊ नका.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर सर्वांत खरे बोलतो. सहाही खान्यांत १.२६ ते १.२८ हवे. पाच खाने १.२५ आणि एक १.१५ दाखवत असेल तर तो खाना गेला; त्यावर चार्जिंग किंवा पाणी घालण्याचा उपाय चालत नाही. पातळी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, ॲसिड कधीही नाही. उडतात फक्त पाण्याचे कण, ॲसिड आतच राहते. बाहेरून आणखी ॲसिड ओतले की प्लेटा खाल्ल्या जातात.

उतरलेली पण धड बॅटरी सावकाश चार्ज करावी. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ३ ते ३.५ अँपिअरने दहा-बारा तास. हवेशीर जागी, झाकणे सैल करून, जवळ विडी-काडी न ओढता. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो.

बॅटरी रोज सकाळी का उतरते हेही समजून घ्या. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ साधारण शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. तीन सेकंदांत इंजिन सुरू झाले तर खर्च किरकोळ असतो. पण दहा-दहा सेकंदांचे सहा प्रयत्न केले तर अडीच अँपिअर-तास गेले. शाळा दोन किलोमीटर, भाजी मंडई एक किलोमीटर, सोबत हेडलाइट आणि ब्लोअर, यात ते भरून निघत नाही. शिवाय थंड बॅटरी चार्ज सावकाश घेते. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग मोकळ्या रस्त्यावर चालवा. अंगणात उभी करून दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याने फारसे काही साधत नाही.

काट आणि अर्थिंग

जुन्या गाड्यांत बॅटरीइतकाच दोष इथे सापडतो, आणि पाहिले जाते सगळ्यात शेवटी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड दिसत असेल तर आधी ऋण म्हणजे काळी तार सोडवा, मग लाल. कपभर कोमट पाण्यात चमचाभर सोडा कालवून ओता, ब्रशने घासा आणि पूर्ण कोरडे करा. पाणी बॅटरीच्या झाकणांत जाऊ देऊ नका. जोडताना आधी लाल, मग काळी. आवळून झाल्यावर वरून जेली लावा, आधी नाही. टर्मिनल हाताने पिळून हलत असेल तर ते सैलच आहे.

दिसणारा काट सोपा. न दिसणारा काट असतो तो बॅटरीकडून बॉडीला आणि बॉडीकडून गिअरबॉक्सला जाणाऱ्या अर्थच्या पट्टीत. तिच्या टोकाला पावसाळाभर चिखल बसतो. ही चाचणी करा : मीटर व्होल्टवर ठेवा, काळी सुई बॅटरीच्या ऋण शिशाच्या खुंटावर, क्लॅम्पवर नाही, आणि लाल सुई इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग खराब. तशीच चाचणी धन खुंट ते सेल्फचा जाड बोल्ट अशी करा. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते. हीच चाचणी का, मीटरवर ओहम का नाही? दीडशे अँपिअर वाहताना ०.००७ ओहमचा अडथळा पूर्ण एक व्होल्ट खातो, आणि एवढा लहान अडथळा साध्या मीटरला दिसतच नाही. तार मीटरवर चांगली दिसते, पण सेल्फ मात्र जड फिरतो.

उपाय स्वस्त आहे. पट्टी काढा, दोन्ही टोके आणि त्याखालची बॉडी चकचकीत होईपर्यंत घासा, परत आवळा. पट्टीच्या तारा हिरव्या पडून तुटत असतील तर नवी जाड पट्टी टाका.

बॅटरी, अर्थिंग, अल्टरनेटर तिन्ही चांगले असून दोन दिवस उभी राहिल्यावर गाडी अडत असेल तर करंटची गळती शोधा. काळी तार सोडवा आणि मीटर १० अँपिअरच्या सेटिंगवर ठेवून तार व खुंट यांच्या मध्ये लावा. गाडीतले सगळे कॉम्प्युटर झोपायला अर्धा तास द्या. मीटर लावलेला असताना दिवे लावू नका की सेल्फ मारू नका, त्याचा फ्यूज उडेल. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. ३०० दिसत असेल तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी अडीच दिवसांत अर्धी आणि पाच दिवसांत पूर्ण रिकामी होते. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडेल त्या सर्किटमध्ये चोर आहे. बहुतेकदा तो बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम, जीपीएस, रिव्हर्स कॅमेरा किंवा डिकीचा न विझणारा दिवा असतो.

डिझेल गाडी

डिझेलला स्पार्क नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर इंधन पेटते. सिलिंडर गार असेल तर ती उष्णता भिंतीच खातात, म्हणून हीटर प्लग. किल्ली अर्धी फिरवल्यावर पिवळा वेटोळ्याचा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबा. फार गार सकाळी किल्ली परत मागे घेऊन हे दोनदा करा.

आता धुराचा रंग पाहा. सेल्फ फिरतो आहे आणि मागून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो आहे, तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही : हीटर प्लग, त्यांचा रिले (त्यांना करंट जोडणारा स्विच) किंवा कमी कॉम्प्रेशन. धूरच नाही, तर डिझेल पोहोचत नाही.

प्लग जागेवरच तपासता येतात. त्यांचे कनेक्टर काढा, टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या धन टोकाला लावा आणि टोक प्लगच्या माथ्याला टेकवा. दिवा लागला तर प्लगची तार शाबूत. न लागलेला प्लग जळालेला आहे. मीटरवर चांगला प्लग साधारण अर्धा ते दीड ओहम दाखवतो. चारातला एक गेला तर इंजिन थोडे अडखळत सुरू होते. दोन-तीन गेले की पहिले मिनिटभर थरथरते आणि पांढरा धूर ओकते. प्लग सगळे शाबूत असतील तर दिवा लागलेला असताना कनेक्टरवर व्होल्टेज येते का पाहा. येत नसेल तर मोठा फ्यूज किंवा रिले. काही नवे प्लग ५-७ व्होल्टवर चालतात, त्यांना बॅटरी थेट जोडून ‘लाल होतो का’ असे बघू नका, क्षणात जळतील.

बदलताना घाई अजिबात नको. गार इंजिनात जोर लावला की प्लग मधोमध तुटतो आणि टोक सिलिंडर हेडमध्ये अडकते. मग कित्येकदा हेड उतरवावे लागते. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल सोडा, इंजिन गरम करा आणि मग हळूहळू मागे-पुढे फिरवत काढा. चारही एकदम बदला.

डिझेल पोहोचत नसेल तर फिल्टरपासून सुरुवात करा. खालचा स्क्रू सैल करून पाणी बाटलीत काढा. तळाशी वेगळा थर दिसला तर फिल्टर बदला. फिल्टरजवळ हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा आणि मग सेल्फ मारा. त्याने लगेच सुरू होते आणि रोज सकाळी हेच करावे लागते, तर कुठून तरी हवा शिरते आहे. जुने रबरी ओ-रिंग आणि पाइप थंडीत ताठरतात, दिवसा पुन्हा मऊ होऊन बसतात. फिल्टरनंतरच्या पाइपच्या जागी तात्पुरता पारदर्शक पाइप लावला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

हे सगळे ठीक असेल तर स्कॅनरवर सेल्फ मारताना रेलचा, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीचा, दाब बघा. कॉमन रेल इंजिनाला सुरू व्हायला साधारण दीडशे ते अडीचशे बार लागतात. तेवढा तयार होत नसेल तर इंजेक्टर मागे जास्त डिझेल सोडतात किंवा पंप थकला आहे. ते काम इंजिनाचे डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याचे.

महाराष्ट्रात डिझेल गोठण्याची भीती सहसा नको, पण हिवाळ्यात गाडी घेऊन मनाली किंवा काश्मीरला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. भारतीय मानकात हिवाळी आणि उन्हाळी डिझेल वेगळे आहे. थंडीने डिझेल घट्ट होऊन फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ६ अंश, एरवी १८ अंश. ऑक्टोबरात भरून ठेवलेले डिझेल घेऊन डोंगरात जाऊ नका. वाटेत टाकीतले डिझेल संपत येऊ द्या आणि वर चढण्याआधी तिथल्या पंपावर भरा.

हवेच्या फिल्टरमध्ये ईथरचा स्प्रे मारणे आणि टाकीखाली जाळ करणे, दोन्ही टाळा. तापलेल्या हीटर प्लगसमोर ईथर भलत्या वेळी पेटतो आणि पिस्टन फोडतो. जाळाबद्दल वेगळे सांगायला नको.

पेट्रोल आणि सीएनजी

किल्ली ‘ऑन’वर फिरवल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद पंपाची घूं ऐकू आली पाहिजे. पंप थकला असेल तर किल्ली दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारल्यावर गाडी लगेच धरते. ही त्याची चांगली खूण आहे.

स्कॅनरची सर्वांत उपयोगी चाचणी फुकटची आहे. रात्रभर उभ्या गाडीत, सुरू करण्याआधी, कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान वाचा. दोन्ही जवळपास सारखे हवेत. बाहेर ९ अंश असताना कूलंट सेन्सर ४५ सांगत असेल तर कॉम्प्युटरला इंजिन कोमट वाटते आणि तो पेट्रोल कमी सोडतो. गाडी दुपारी मस्त, पहाटे ठप्प. सेन्सर स्वस्त असतो, पण त्याचा शोध न लागल्यामुळे प्लग, कॉइल, पंप अशी महागडी यादी बदलली जाते.

वारंवार सेल्फ मारून पेट्रोलचा वास येऊ लागला म्हणजे इंजिन ओव्हर झाले. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि पाच सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत त्या वेळी इंजेक्टर बंद राहतात आणि आतले पेट्रोल हवेने वाळते. स्पार्क प्लगची फट मॅन्युअलप्रमाणे तपासा. झिजून वाढलेली फट थंडीत आधी दगा देते.

सीएनजीवाल्यांची अडचण वेगळीच, आणि ती बहुधा काटकसरीतून येते. बहुतेक सीक्वेन्शियल किट गाडी पेट्रोलवर सुरू करतात आणि गॅसचा दाब कमी करणारा रेड्युसर कोमट झाल्यावर गॅसवर जातात. टाकीत महिनोन्‌महिने दोन लिटर पेट्रोल पडून राहिले तर ते शिळे होते, पंप कोरडा तापतो, इंजेक्टर चिकटतात. पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा आणि आठवड्याला आठ-दहा किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा. सक्तीने गॅसवर सुरू करण्याची बटणाची युक्ती थंडीत नको : गॅस सिलिंडरमधला २०० बारचा गॅस फैलावताना प्रचंड गार होतो, आणि रेड्युसरला ऊब देणारे कूलंट अजून थंडच असते. काही नव्या गाड्या गॅसवर सुरू व्हायलाच बनवल्या आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. चालत्या गाडीत रेड्युसरवर दव गोठत असेल तर कूलंटची पातळी आणि पाइपातली हवा तपासा.

थर्मोस्टॅट काढून टाकलेली गाडी

आपल्याकडे ही जुनी खोड आहे. उन्हाळ्यात गाडी तापली की थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकतात आणि रेडिएटरमध्ये साधे पाणी भरतात. मग थंडीत अर्धा तास चालवूनही तापमानाचा काटा वर येत नाही, हीटर गार हवा देतो, ॲव्हरेज पडते आणि सीएनजीची गाडी गॅसवर उशिरा जाते. चांगला थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. नवा बसवा, सिस्टिम धुऊन घ्या आणि कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट व डिमिनरलाइज्ड पाणी भरा. पाणी गोठण्यापेक्षा आतला गंज हा आपला शत्रू आहे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका.

काचेवर आतून वाफ धरत असेल तर कापडाने पुसत बसू नका. गरम हवा, सोबत एसी चालू आणि बाहेरची हवा आत घेणारा पर्याय. एसी हवेतला ओलावा काढतो. टायरची हवा दर पाच-सहा अंशांना सुमारे एक पीएसआय उतरते, म्हणून थंड टायरवर पंधरवड्याला मोजा. बोनेट उघडल्यावर उंदरांच्या लेंड्या आणि कुरतडलेली वायर दिसते का, तेही पाहा. उबेला ते इंजिनावरच येऊन बसतात.

दारात अडलीच तर

जंपर केबल जाड तांब्याची हवी. पेट्रोलला १६ चौरस मिलिमीटर, डिझेलला २५. बाजारातल्या बऱ्याच केबलींत प्लास्टिक जाड आणि तार बारीक असते. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग दुसऱ्या गाडीच्या धनाला. काळा दुसऱ्या गाडीच्या ऋणाला आणि शेवटचा काळा चिमटा आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब, कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते. मदतीची गाडी पाच-दहा मिनिटे चालू ठेवा आणि मग सेल्फ मारा. काढताना उलट क्रम.

धक्का स्टार्ट शेवटचा उपाय. दुसरा गिअर, किल्ली ऑन, वेग आल्यावर क्लच सोडा. ऑटोमॅटिक आणि एएमटीत (क्लच पेडल नसलेल्या गिअरच्या गाडीत) हे जमत नाही, आणि डॅशबोर्डचे दिवेही लागत नसतील तर इंजेक्शनची गाडी धक्क्याने सुरू होणार नाही. पंप आणि कॉम्प्युटरला वीज हवी. वारंवार धक्का मारल्याने न जळालेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो.

गॅरेजला देताना

पहाटे अडणारी गाडी दुपारी बाराला दाखवली तर ती पहिल्या सेल्फला सुरू होते आणि मेकॅनिकला काहीच सापडत नाही. आदल्या संध्याकाळी गाडी तिथेच ठेवा आणि सकाळी पहिला सेल्फ तुमच्यासमोर मारायला सांगा. सोबत कागदावर लिहून द्या : निवांत व्होल्टेज, सेल्फ मारतानाचे व्होल्टेज, सुरू झाल्यावरचे व्होल्टेज, आवाज कसा, धुराचा रंग कोणता, किती प्रयत्नांत सुरू होते आणि बाहेर किती अंश होते. काढलेला जुना भाग परत मागून घ्या.